शार्लटपेक्षा न्यू ऑर्लिन्स स्वस्त कसं? अमेरिकी विमान कंपन्यांचं जाळं समजून घेताना

अमेरिकेत राहणाऱ्यांना किंवा मुलांकडे तिथे जाणाऱ्या आईवडिलांना तिकीट काढताना एक कोडं हमखास पडतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून शार्लटला जायचं थेट तिकीट महाग दिसतं. त्याच विमानाने शार्लटला उतरायचं, तिथून दुसरं विमान धरून न्यू ऑर्लिन्सला जायचं, तर ते तिकीट कित्येकदा स्वस्त पडतं. अंतर जास्त, विमानं दोन, बॅगांची चढउतार दोनदा, तरी पैसे कमी. मग काही जण न्यू ऑर्लिन्सचं तिकीट काढतात आणि शार्लटलाच विमानतळाबाहेर पडतात. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळावर अमेरिकन एअरलाइन्सने 2023 मध्ये खटला भरला. ऑक्टोबर 2024 मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने अमेरिकन एअरलाइन्सच्या बाजूने सुमारे 94 लाख डॉलरचा निकाल दिला. तो निकाल कंपनीचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरल्याबद्दल होता, पण भांडणाचं मूळ ते अर्धवट सोडलेलं तिकीटच होतं.

पुढच्या विमानातली खुर्ची रिकामी गेली, पैसे तर आधीच मिळाले होते. मग कंपनीला एवढं का लागावं? याचं उत्तर कळलं की साउथवेस्ट या विमान कंपनीने बॅगेचे पैसे का लावले, स्पिरिट ही स्वस्त विमान कंपनी एका वर्षात दोनदा दिवाळखोरीत का गेली आणि पिट्सबर्गने आपला विमानतळ लहान का करून घेतला, हेही कळतं.

दूध संघाचं गणित

एखाद्या गावात रोज चाळीस लिटर दूध जमतं. तेवढ्यासाठी मुंबईला टँकर पाठवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून गावोगावच्या गाड्या तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर येतात, तिथे दूध एकत्र होतं आणि मोठा टँकर भरून निघतो. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या प्रवाशांच्या बाबतीत हेच करतात. दुधासारखाच त्यांचा मालही नाशवंत आहे. विमानाचं दार लागलं की रिकाम्या खुर्चीला काही किंमत उरत नाही.

या संकलन केंद्राला हब म्हणतात. डेल्टाचं सर्वांत मोठं हब अटलांटा, शिवाय डेट्रॉइट, मिनियापोलिस, सॉल्ट लेक सिटी. अमेरिकनचं डॅलस-फोर्टवर्थ आणि शार्लट. युनायटेडची शिकागो, डेन्व्हर, ह्यूस्टन, नेवार्क, सॅन फ्रान्सिस्को.

आता आकडे बघा. एका हबला 50 शहरं जोडली आहेत. म्हणजे मार्ग 50. पण कंपनी तिकिटं विकू शकते ती किती जोड्यांची? हब आणि प्रत्येक शहर अशा 50, आणि त्या शहरांच्या आपापसातल्या 1,225. एकूण 1,275. हब नसतं तर तेवढ्याच जोड्यांसाठी 1,275 वेगवेगळे मार्ग चालवावे लागले असते. खरी गंमत पुढे आहे. 51 वं शहर जोडलं की फक्त एक मार्ग वाढतो, पण विकायला 51 नव्या जोड्या मिळतात. हब जितकं मोठं, तितका पुढचा एकेक मार्ग जास्त फायद्याचा. मोठी हब आणखी मोठी होत जातात ती यामुळे.

लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टहून डॅलसला विमान जातं. अंतर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. नुसतं डॅलसलाच जायचं असेल तर बहुतेक लोक गाडी काढतील. समजा त्या छोट्या विमानात साठ जण आहेत आणि त्यातले दहाच डॅलसला थांबणार आहेत. बाकीचे पन्नास सिएटल, लॉस एंजेलिस, लंडन, मेक्सिको असे पांगणार आहेत. त्या एका फेरीचा हिशेब वेगळा काढला तर ती तोट्यात दिसेल. पण ती बंद केली तर पुढच्या वीस-पंचवीस विमानांतली दोन-दोन, तीन-तीन तिकिटं जातील. म्हणून कंपनीचे लोक एका मार्गाचा नफा कधीच सुटा बघत नाहीत. त्या मार्गाने बाकी जाळ्याला काय आणून दिलं, तेही मोजतात.

मग थेट तिकीट महाग का?

आपल्याला वाटतं की भाडं अंतरावर ठरतं. एसटीचं तसं आहे, टप्प्याटप्प्याने भाडं वाढतं. विमानाचं भाडं ठरतं ते त्या दोन शहरांच्या जोडीत गिऱ्हाइकासमोर दुसरा पर्याय काय आहे यावर.

सिरॅक्यूजहून न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्याला अमेरिकन शार्लटमार्गे नेते, डेल्टा अटलांटामार्गे, युनायटेड शिकागो किंवा वॉशिंग्टनमार्गे. तिघांकडेही एक थांबा, वेळ जवळपास सारखा. गिऱ्हाईक ज्याचं स्वस्त त्याचं घेतं, म्हणून भाडं खाली येतं. सिरॅक्यूजहून शार्लटला जाणाऱ्याचं तसं नाही. शार्लट विमानतळावरचे दहापैकी जवळपास नऊ प्रवासी अमेरिकन आणि तिच्या छोट्या भागीदार कंपन्यांचेच असतात. थेट जायचं तर पर्याय मोजके, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा कामाचा माणूस थेट विमानासाठी जास्त मोजायला तयार असतो.

म्हणजे त्या एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी दोन वेगळ्या बाजारांतला माल घेतलेला असतो. अर्धवट तिकिटाचा राग येतो तो इथे. महागड्या बाजारातलं गिऱ्हाईक स्वस्त बाजाराच्या दाराने आत शिरतं.

हा मार्ग वापरावा का? धोके माहीत असलेले बरे. चेक-इन केलेली बॅग न्यू ऑर्लिन्सलाच जाते. जायचं-यायचं एकच तिकीट असेल तर जातानाचा पुढचा टप्पा सोडताच परतीचं तिकीट रद्द होतं. हवामान बिघडलं तर कंपनी तुम्हाला शार्लटऐवजी फिलाडेल्फियामार्गे पाठवू शकते, कारण तिच्या लेखी तुम्हाला न्यू ऑर्लिन्सलाच जायचं आहे. वारंवार केलं तर जमवलेले माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल कंपनी देते ते गुण, जप्त होऊन खातंही बंद होऊ शकतं.

तासाभराची लाट

हबमध्ये विमानं दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. ती लाटेने येतात आणि लाटेने जातात. कंपन्या या लाटेला बँक म्हणतात, आपण लाटच म्हणू. पन्नास दिशांची विमानं थोड्या वेळात उतरतात, माणसं आणि बॅगा एकमेकांत बदलतात, आणि पुढच्या तासाभरात सगळी पन्नास दिशांना निघून जातात.

एका गेटवर काय चालतं ते बघा. विमान थांबलं, चाकांना अडण्या लागल्या, जमिनीवरची वीज जोडली. पोटातल्या बॅगा उतरवताना दोन ढीग होतात: इथेच संपणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या. पुढे जाणाऱ्यांत ज्यांचं विमान अगदी लवकर आहे त्या बॅगा वर्गवारीच्या खोलीत जातच नाहीत. छोट्या गाडीवर टाकून त्यांना सरळ पुढच्या विमानाखाली नेतात. तेवढ्यात वर सफाई, खाण्यापिण्याच्या ट्रॉल्या, इंधन. मधल्या आकाराच्या विमानाला या सगळ्याला पाऊण ते एक तास मिळतो. सुटण्याच्या वेळेच्या साधारण 15 मिनिटं आधी दार लागतं. तुम्ही धावत पोहोचलात आणि विमान काचेपलीकडे उभं दिसतंय, तरी आत घेत नाहीत ते यासाठी. तुमच्या एकट्यासाठी थांबलं तर त्या गेटवर येणारं पुढचं विमान टॅक्सीवेवर अडकतं.

लाट मोठी असली की जोड्या जास्त जुळतात आणि प्रवाशाला कमी थांबावं लागतं. पण माणसं, गेट, सामानाच्या गाड्या सगळं त्या एका तासासाठी लागतं आणि नंतर रिकामं बसतं. लाटा लहान आणि जास्त केल्या की ताण कमी होतो, पण काही जोड्या तुटतात. हा झगडा वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. अमेरिकनने 2002 च्या सुमारास डॅलसमधल्या लाटा सपाट केल्या, दशकभराने पुन्हा उंच केल्या, आणि 2026 च्या वसंत ऋतूपासून दिवसाच्या नऊ लाटांच्या तेरा करण्याचं जाहीर केलं. कारण डॅलसचं वादळ. जवळपास वीज पडू लागली की जमिनीवरच्या कामगारांना आत बोलावतात. उतरलेली विमानं गेटसाठी ताटकळतात, तोवर पुढची लाट डोक्यावर येते. त्यातच वैमानिकांचे तास संपतात. अमेरिकी नियमांनुसार दोन वैमानिकांच्या विमानात एकाला सलग ड्यूटीत 8 ते 9 तासांहून जास्त उडता येत नाही, आणि एकूण ड्यूटीचीही 9 ते 14 तासांची मर्यादा असते. दुपारच्या वादळाने रात्रीची विमानं रद्द होतात ती बहुधा इथे. तोवर आकाश मोकळं झालेलं असतं.

हे सगळं 1978 नंतरचं

त्याआधी कोणती कंपनी कुठून कुठे उडेल आणि भाडं किती घेईल हे वॉशिंग्टनमधलं सरकारी मंडळ ठरवायचं. 24 ऑक्टोबर 1978 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि मार्ग-भाडी मोकळी झाली. कंपन्यांनी आपापली शहरं धरून हब उभारली, मग एकमेकींना गिळलं: डेल्टाने नॉर्थवेस्टला 2008 मध्ये, युनायटेड आणि कॉन्टिनेंटल 2010 मध्ये एक झाल्या, अमेरिकन आणि यूएस एअरवेज 2013 मध्ये. आज अमेरिकेतला बहुतांश देशांतर्गत प्रवास या तिघी आणि साउथवेस्ट अशा चौघींच्या हातात आहे.

मार्ग मोकळे झाले, पण जमीन मोकळी झाली नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी आणि लग्वार्डिया विमानतळांवर, वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळांचा कोटा आहे. इतरत्र गेट हीच मालमत्ता. शिकागोच्या ओ'हेअरवर युनायटेड आणि अमेरिकन दोघींचं हब आहे आणि करारानुसार गेटांची वाटणी आधीच्या काळातल्या वापरावर होते. जी जास्त उडवते तिला जास्त गेट. युनायटेडने फेऱ्या वाढवून गेट मिळवले, तेव्हा अमेरिकनने मे 2025 मध्ये शहरावर दावा ठोकला. तिथे एखादी फेरी चालवण्यामागे त्या फेरीच्या नफ्याइतकंच पुढच्या वर्षीचं गेट असतं.

76 खुर्च्यांचं विमान

तिकिटावर डेल्टा किंवा युनायटेड लिहिलेलं असतं, पण श्रीव्हपोर्टसारख्या गावाचं विमान बहुधा स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एंडेव्हर अशी दुसरीच कंपनी चालवते. मोठी कंपनी तिला फेरीमागे ठरलेले पैसे देते, तिकिटांची कमाई स्वतः ठेवते. विमान 76 खुर्च्यांपलीकडे जात नाही, कारण मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांच्या करारात तशी अट आहे: बाहेरून चालवून घेतलेलं विमान 76 खुर्च्या आणि 86,000 पौंड, म्हणजे साधारण 39 टन, यापेक्षा मोठं नको. नाहीतर कंपनी सगळंच काम स्वस्त वैमानिकांना देईल. शिवाय 76 खुर्च्यांची अशी विमानं किती ठेवायची यालाही मर्यादा आहे. ती गाठल्यावर युनायटेडने 70 खुर्च्यांच्या जातीचं विमान घेऊन त्यात मुद्दाम 50 खुर्च्या ठेवायला लावल्या. आतल्या मोकळ्या जागेत सामानाची कपाटं आली. प्रवाशाला ते ऐसपैस वाटतं, पण कारण कराराचं आहे.

हब मरतं तेव्हा

दोन संघ एक झाले की जवळजवळच्या दोन शीतकरण केंद्रांपैकी एक बंद पडतं. डेल्टा-नॉर्थवेस्ट एक झाल्या आणि डेट्रॉइटपुढे सिनसिनाटी, अटलांटापुढे मेम्फिस मागे पडलं. युनायटेडने शिकागो ठेवलं, 2014 मध्ये क्लीव्हलँडचं हब मोडलं. जगतं तेच हब, ज्या शहरात स्वतःची लोकसंख्या आणि उद्योग मोठा असतो. नुसत्या बदलीच्या प्रवाशांवर हब टिकत नाही, कारण तोच प्रवासी तीन ठिकाणांहून नेता येतो आणि सर्वांत कमी पैसे देतो.

सेंट लुइसचं उदाहरण वाईट वाटायला लावतं. टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या हबसाठी तिथे एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चाची नवी धावपट्टी आखली, ब्रिजटन उपनगरातली शेकडो घरं पाडली. 2001 मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए विकत घेतली, 2003 मध्ये फेऱ्या निम्म्यावर आणल्या. धावपट्टी 2006 मध्ये तयार झाली तेव्हा तिची गरज उरलेली नव्हती. पिट्सबर्गने 1992 मध्ये यूएसएअरसाठी भलंमोठं टर्मिनल बांधलं, 2004 मध्ये हब गेलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये शहराने स्थानिक प्रवाशांच्या मापाचं नवं, आटोपशीर टर्मिनल उघडलं. विमानतळाचं कर्ज शहराच्या माथी असतं, विमानाला मात्र चाकं असतात.

सगळ्यांनी साउथवेस्टसारखं का केलं नाही?

हा आक्षेप नेहमी येतो आणि रास्त आहे. साउथवेस्टने 1971 मध्ये टेक्सासमधल्या डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो या तीन शहरांत सुरुवात केली. हब नाही, एकच जातीचं बोइंग 737, गेटवर कमीत कमी वेळ, विमान शहरामागून शहर करत पुढे जातं. लाटेची वाट बघायची नसल्याने विमान दिवसात जास्त उडतं आणि खर्च घटतो. पण त्यासाठी दोन शहरांच्या मध्येच पुरेसे प्रवासी हवेत. श्रीव्हपोर्ट-सिएटल थेट विमान रोज भरेल एवढी माणसंच नाहीत. साउथवेस्टलाही डेन्व्हर, बाल्टिमोर, शिकागो मिडवे इथे बरेच प्रवासी बदलून न्यावे लागतात.

दुसरी अडचण डिसेंबर 2022 मध्ये दिसली. हबवाल्या कंपनीला संकटात एक दोरा कापता येतो. डॅलस-श्रीव्हपोर्ट-डॅलस फेरी रद्द केली तर विमान आणि माणसं डॅलसमध्येच राहतात. साउथवेस्टचं विमान सकाळी डेन्व्हरला अडकलं की दुपारी पुढच्या शहरात विमान नाही, संध्याकाळी तिसऱ्या शहरात कर्मचारी नाहीत. नाताळातल्या हिमवादळात कोण कर्मचारी कुठे आहे हेच यंत्रणेला समजेना, आणि कर्मचारी तासन्‌तास फोनवर थांबले. सुमारे 16,900 फेऱ्या रद्द झाल्या, 20 लाखांहून जास्त लोक अडकले. सरकारने वर्षभराने 14 कोटी डॉलरचा दंड लावला.

नफा खुर्चीत कमी, कार्डात जास्त

माझ्या मते आजच्या अमेरिकी विमान धंद्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी बाब ही आहे. कंपन्या बँकांना माइल्स घाऊक विकतात. बँक हे माइल्स आपलं क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांना वाटते, आणि कंपनीला रोख पैसे मिळतात. 2024 मध्ये डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून सुमारे 7.4 अब्ज डॉलर मिळाले. त्याच वर्षी डेल्टाचा व्यवसायातला नफा सुमारे 6 अब्ज होता. करोनात विमानं जमिनीवर असताना कंपन्यांनी हेच माइल्सचे कार्यक्रम गहाण ठेवून कर्ज उभारलं: युनायटेडने 6.8 अब्ज, डेल्टाने 9 अब्ज, अमेरिकनने 10 अब्ज.

डेल्टाचं कार्ड कोण घेतं? अटलांटा, मिनियापोलिस, सॉल्ट लेक सिटीत राहणारा, ज्याला कुठेही जायचं तर डेल्टाच सोयीची आहे. म्हणजे हबवरचा ताबा आता किराणा आणि पेट्रोलच्या खरेदीतूनही पैसे आणतो.

आता स्पिरिट बघा. स्वस्त खुर्ची हा तिचा एकच माल. मोठ्या कंपन्यांनी तसंच मोजकं, सोयींशिवायचं भाडं आपल्या उरलेल्या खुर्च्यांवर लावलं. त्यांचा नफा पुढच्या रुंद खुर्च्यांतून आणि कार्डांतून येत होता, स्पिरिटकडे दुसरं काहीच नव्हतं. त्यात इंजिनांच्या दोषामुळे तिची नवी विमानं उभी राहिली. जेटब्लू या दुसऱ्या विमान कंपनीबरोबरचं 3.8 अब्ज डॉलरचं विलीनीकरण जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने स्पर्धा घटेल म्हणून रोखलं. नोव्हेंबर 2024 मध्ये पहिली दिवाळखोरी, ऑगस्ट 2025 मध्ये दुसरी.

साउथवेस्टनेही धडा घेतला. 28 मे 2025 पासून बहुतेक भाड्यांवर बॅगेचे पैसे, पहिलीचे तेव्हा 35 डॉलर. 27 जानेवारी 2026 पासून ठरलेल्या जागा. कंपनीचं कार्ड असेल तर पहिली बॅग फुकट. कार्ड घ्यायला आता कारण मिळालं.

एका कंपनीचं राज्य वाईटच ना?

शार्लटच्या रहिवाशाला भाडं जास्त पडतं, हे खरं. पण त्याच्या गावातून जितक्या ठिकाणी थेट विमानं जातात, तितकी त्याच आकाराच्या हब नसलेल्या शहरातून कधीच जाणार नाहीत. सोय आणि भाव एकत्रच येतात. माझं मत असं की तक्रारीचं खरं ठिकाण गेटांचे आणि वेळांचे दीर्घ करार आहे. तिथे नव्याला जागा ठेवली तर भाव उतरतो, हबही टिकतं.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

मुंबईचं विमान नेवार्कला किंवा न्यूयॉर्कला का जातं आणि शार्लटला का नाही, हे आता लक्षात येईल. सोळा तासांच्या आसपासचं उड्डाण भरायला उतरणारेही हवेत आणि पुढे जाणारेही. नेवार्कभोवती एडिसनसारख्या गावांत भारतीय वस्ती दाट आहे आणि तिथे युनायटेडचं हब आहे. कॉन्टिनेंटलने 2007 मध्ये नेवार्क-मुंबई सुरू केलं ते याच हिशेबाने. डेल्टाने डिसेंबर 2019 मध्ये केनेडी-मुंबई सुरू केलं, पण मार्च 2020 मध्ये करोनाने ते बंद झालं. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे त्यांची भारताची वाट आणखी लांबली.

तिकीट काढताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. जोडणी हुकली तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते तुमचं नुकसान. रात्रीच्या शेवटच्या लाटेतली जोडणी टाळा, कारण ती हुकली तर पुढचं विमान सकाळीच. देशांतर्गत बदलाला किमान सव्वा तास धरा. परदेशातून आल्यावर अडीच-तीन तास, कारण अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथेच इमिग्रेशन होतं. बॅग शेवटपर्यंत लावलेली असली तरी साधारणपणे पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून बाहेर येऊन, पुन्हा काउंटरवर द्यावी लागते. त्यानंतर परत सुरक्षा तपासणी असते आणि 100 मिलिलिटरहून मोठी बाटली तिथे अडते. हातातल्या पिशवीत ड्युटी-फ्रीमधलं काही घेतलं असेल, तर बॅग हातात आहे तेवढ्यात ते तिच्यात टाका आणि मगच बॅग परत द्या.